गाठीची ओळख : चाकूपासून सुईपर्यंत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी पाककृती देते, कोणी यात्रेचे वर्णन लिहिते. यंदा मी घेतलेला विषय चारचौघींत बोलण्याचा नव्हे, असे मला आमच्या घरातही सांगण्यात आले. छातीतल्या गाठीविषयी बाई आपल्या नवऱ्याशीसुद्धा लवकर बोलत नाही, मग ते छापून काढणे तर दूरच. पण माझ्या थोरल्या जाऊबाई तुम्हां सर्वांच्या ओळखीच्या होत्या. मंडळाच्या भजनात पेटी त्याच वाजवीत. त्यांना जाऊन आता दोन वर्षे होतील. त्यांच्या आजारपणात माझ्या मनात एक प्रश्न आला तो काही केल्या जाईना. गाठ आहे हे हाताला कळते. पण ती साधी की वाईट, हे ओळखायला माणूस केव्हा आणि कसा शिकला? माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. तिच्याकडून पुस्तके आणवून, जे समजले नाही ते तिला विचारून, वर्षभरात जे जमले ते येथे देत आहे.

आधी आमच्या घरची हकीकत थोडक्यात सांगते. जाऊबाईंना गाठ लागली ती न्हाताना. सुपारीएवढी होती व दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून त्यांनी दिवाळी होऊ दिली, मग धाकटीचे लग्न होऊ दिले. पुढे एका लहान इस्पितळात दाखविले. तेथे गाठ चिरून काढली, टाके घातले आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठविले. काढलेल्या गाठीचे पुढे काय झाले हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. चौदा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ आली. तेव्हा मुंबईस नेले. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "पहिल्या गाठीचा रिपोर्ट कोठे आहे?" आमच्याजवळ एक कार्ड होते. त्यावर "गाठ काढली" एवढेच लिहिलेले होते.

गाठ काढायची पण ती कशाची होती हे कोणालाच ठाऊक नाही, असे एके काळी सगळीकडेच होते. फॅनी बर्नी नावाची एक इंग्रज कादंबरीकार बाई होऊन गेली. तिच्या उजव्या छातीत गाठ आली तेव्हा ती पॅरिसमध्ये राहत होती. ३० सप्टेंबर १८११ रोजी नेपोलियनच्या सैन्याचा नामांकित शस्त्रवैद्य बॅरन लॅरे याने तिच्या राहत्या घरी तिची छाती कापून काढली. भूल देण्याचे औषध तेव्हा निघालेच नव्हते. थोडे मद्य पाजले आणि तोंडावर पातळ रुमाल टाकला. त्या रुमालातून तिला चाकूची चकाकी दिसत होती. पुढे तिने हे सर्व आपल्या बहिणीला पत्रातून कळविले. ते पत्र लिहायला तिला कित्येक महिने लागले, कारण लिहिताना डोके दुखू लागे. आश्चर्य असे की, त्यानंतर ती जवळजवळ तीस वर्षे जगली व १८४० साली वारली. आता तिला कर्करोग झाला होता की दुसरेच काही साधे दुखणे होते, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वैद्यांनी हाताने चाचपले, आपसांत बोलले आणि ठरविले. त्याहून अधिक काही करण्याचे साधनच त्यांच्यापाशी नव्हते. लॅरेला मी दोष देत नाही.

साधन आले ते सूक्ष्मदर्शकाने. १८३८ साली जर्मनीत योहानेस म्युलर याने दाखविले की, कर्करोगाची गाठसुद्धा आपल्या शरीरासारखीच पेशींची बनलेली असते, फक्त त्या पेशींची ठेवण बिघडलेली असते. म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काचेखाली पाहिला तर ती चांगली की वाईट हे ओळखता येईल. जिवंत माणसाच्या अंगातला तुकडा काढून तपासणे याला १८७९ साली फ्रान्समधल्या बेनिए नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने 'बायॉप्सी' हे नाव दिले. आपल्याकडे हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. वास्तविक त्याचा अर्थ "पाहणे" एवढाच आहे.

पुढची हकीकत वाचून मला राग आला. १९०५ साली अमेरिकेतल्या मेयो इस्पितळात लुई विल्सन या डॉक्टरांनी तुकडा गोठवून काही मिनिटांतच तपासण्याची रीत बसविली. रीत चांगली होती. पण तिचा उपयोग असा होऊ लागला की, गाठ असलेल्या बाईला भूल द्यायची, तुकडा काढायचा, बाई टेबलावर बेशुद्ध असतानाच तो तपासायचा, आणि वाईट निघाला तर त्याच भुलेत सारी छाती, खालचे स्नायू व काखेतल्या गाठी काढून टाकायच्या. हे मोठे ऑपरेशन हॅल्स्टेड नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेले होते. बाई झोपी जाताना तिला ठाऊक नसे की आपण जागे होऊ ते कशा. जागी झाल्यावर ती आधी हात छातीकडे नेई. हे पाऊणशे वर्षे चालले आणि याला मोठ्या सुधारलेल्या देशातली उत्तम चिकित्सा म्हणत.

ही रीत मोडण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. रोझ कुशनर ही अमेरिकेतली वार्ताहर. १९७४ साली तिला स्वतःलाच गाठ लागली. तिने डॉक्टरांना सांगितले की, आधी तुकडा तपासा, मला शुद्धीवर येऊ द्या, काय निघाले ते सांगा, मग पुढचे मी ठरवीन. एवढ्या साध्या मागणीला एकामागून एक डॉक्टर नकार देत गेले. पुढच्या वर्षी तिने या सर्वांवर पुस्तक लिहिले. शेवटी १९७९ साली अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक बोलाविली. तीत वैद्य नसलेली अशी कुशनरबाई बसली होती. तपासणी एकदा व उपचार नंतर, असा दोन पायऱ्यांचा मार्ग तेथे मान्य झाला. आज आपल्या हातात आधी रिपोर्ट देतात आणि मग बोलतात, त्यामागे एवढे भांडण झालेले आहे.

आता क्ष-किरणांकडे वळते. रोंटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ साली. बर्लिनमधल्या आल्बर्ट सॉलोमन या शस्त्रवैद्याने १९१३ साली ऑपरेशनात काढलेल्या सुमारे तीन हजार छात्यांची क्ष-किरण चित्रे घेऊन रोगाच्या खुणा नोंदविल्या. हे गृहस्थ ज्यू होते. हिटलरच्या राज्यात त्यांचे काम गेले, त्यांना छळछावणीत टाकले. ते कसेबसे वाचले. पण त्यांची चित्रकार मुलगी शार्लोट १९४३ साली ऑश्विट्झला मारली गेली. तिची चित्रे आज जगभर पाहिली जातात. विषय सोडून हे लिहिले खरे, पण ज्या यंत्रासमोर लाखो बायका उभ्या राहतात त्याच्या पहिल्या माणसाची ही गोष्ट माझ्याने गाळवेना.

सॉलोमननंतर बराच काळ या कामाला कोणी विचारले नाही. उरुग्वे देशातल्या लेबोर्न नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या सुमारास दाखविले की, छाती दाबून चित्र घेतले तर स्पष्ट येते आणि रोगाच्या जागी मिठाच्या कणांसारखे चुन्याचे बारीक ठिपके दिसतात. १९६० साली अमेरिकेत रॉबर्ट ईगन यांनी चित्र घेण्याची खात्रीची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे पाच-सहा वर्षांनी फ्रान्समधल्या शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नाने केवळ छातीसाठी असे वेगळे यंत्र निघाले. यालाच आपण मॅमोग्राफी म्हणतो.

न्यूयॉर्कला फिलिप स्ट्रॅक्स नावाचे डॉक्टर होते. त्यांची पत्नी १९४७ साली याच रोगाने तरुणपणी वारली. १९६३ साली त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी एका आरोग्य विमा संस्थेतल्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे ६२,००० बायका घेऊन मोठा प्रयोग सुरू केला. निम्म्यांना दरवर्षी मॅमोग्राफी व हाताची तपासणी देऊ केली, निम्म्यांना नेहमीप्रमाणे ठेवले. तपासणी मिळालेल्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. तेव्हापासून मॅमोग्राफीचा डंका जगभर वाजला. पण त्याच प्रयोगात तपासणीने सापडलेल्या रोगांपैकी पुष्कळसे नुसत्या हाताने सापडले होते, ही गोष्ट मागे पडली. ती पुढे आपल्या मुंबईत कोणाच्या तरी लक्षात आली, ते खाली सांगतेच.

मॅमोग्राफीचे यंत्र महाग. ते चालवायला शिकलेले माणूस हवे, चित्र वाचायला तज्ज्ञ हवा, वीज नीट हवी. शिवाय तरुण बाईच्या छातीतली भरीव ग्रंथी चित्रात पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. धुक्यात पांढरी गाय शोधावी तसे होते. तेथे सोनोग्राफी बरी पडते. आवाजाच्या लहरींनी गाठ पाहण्याचे हे काम जॉन वाइल्ड या इंग्रज शस्त्रवैद्याने अमेरिकेत १९५० च्या सुमारास सुरू केले. युद्धकाळात वैमानिकांना रडार शिकविण्यासाठी केलेले एक यंत्र त्याने आरंभी वापरले होते! गाठीत नुसते पाणी आहे की ती भरीव आहे हे सोनोग्राफीत चटकन कळते आणि सोनोग्राफीचे यंत्र आता तालुक्याच्या गावीही असते. पण कितीही उत्तम यंत्र घ्या, ते सावली दाखविते. सावली कोणाची, हे शेवटी पेशी पाहूनच ठरते.

आणि पेशी काढायला चाकू लागतोच असे नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल इस्पितळात हेस मार्टिन व एडवर्ड एलिस यांनी १९३० साली सुईने गाठीतल्या पेशी ओढून तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांच्या देशातच ती फारशी रुजली नाही. स्वीडनमध्ये मात्र स्टॉकहोमला फ्रांझेन व झायिचेक यांनी ती उचलली आणि १९६८ साली छातीतल्या गाठींच्या ३,४७९ सुई-तपासण्यांचा हिशेब मांडला. लागणारे सामान काय, तर इंजेक्शनची बारीक सुई, पिचकारी, काचेच्या पट्ट्या, रंग आणि सूक्ष्मदर्शक. भूलही लागत नाही. मात्र काचेखाली पाहणारा डोळा तयार हवा. त्याशिवाय सुई नेमक्या जागी गेली नाही तर रिकामा निकाल येतो. म्हणून हाताला काय लागले, चित्रात काय दिसले आणि सुईत काय आले, हे तिन्ही जुळवून पाहावे असा डॉक्टरांचा नियम आहे. तिन्हींत मेळ नसेल तर "काही नाही" म्हणून घरी जाऊ नये, तपासणी पुन्हा करून घ्यावी.

जाड सुईची रीत यानंतरची. १९८० नंतर स्वीडनमध्येच खटक्याची सुई निघाली. जागा बधिर करून ती लावतात, 'टक्' असा आवाज होतो आणि शेवयाच्या तुकड्याएवढा लांबट तुकडा निघतो. बारीक सुईत सुट्या पेशी येतात, हिच्यात त्यांची ठेवणही कळते. शिवाय त्या रोगाला शरीरातल्या संप्रेरकांचे पोषण मिळते काय, हेही त्या तुकड्यावरून तपासता येते. ते कळले तर साध्या गोळीचा उपचारही पुष्कळ काम करतो. तुकडा मात्र लगेच फॉर्मालिनच्या बाटलीत पडला पाहिजे आणि बाटलीवर नाव, वय, कोणती बाजू हे लिहिलेले पाहिजे. कोरडा ठेवला तर कुजतो आणि मग मुंबईचा मोठ्यातला मोठा तज्ज्ञही त्यात काही वाचू शकत नाही. आमच्या जाऊबाईंची पहिली गाठ बादलीत गेली की बाटलीत, हा प्रश्न मला अजून रात्री छळतो. एक बाटली आणि एक चिठ्ठी, एवढ्याने चौदा महिने वाचले असते.

आता आपल्याकडचे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या मागे टाटांच्या दानातून परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. पेशी पाहून रोग ओळखण्याचे शास्त्र या देशात रुजविणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतात. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. शस्त्रवैद्याचे नाव घरोघरी होते. काचेत डोळा घालून बसणाऱ्याचे कोणाला माहीत नसते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

याच रुग्णालयातले डॉ. इंद्रनील मित्रा यांनी न्यूयॉर्कच्या त्या जुन्या प्रयोगाकडे पुन्हा पाहिले. पुष्कळ रोग हातानेच सापडत असतील तर गरीब देशात यंत्रावाचून का भागू नये, असा त्यांचा प्रश्न होता. १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका घेऊन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केले. तपासणारे हात मोठ्या डॉक्टरांचे नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून तयार केले होते. (माझ्याहून तीनच इयत्ता पुढे!) त्या दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या करीत. संशय आला तर पुढच्या तपासणीसाठी टाटा रुग्णालयात पाठवीत. दुसऱ्या गटाला फक्त रोगाची माहिती दिली, हाताची तपासणी दिली नाही. अशा प्रयोगांवर पुढे टीकाही झाली आणि ती मला अगदीच गैर वाटत नाही.

वीस वर्षांच्या नोंदी २०२१ साली प्रसिद्ध झाल्या. तपासणी झालेल्या बायकांत वाढलेल्या अवस्थेतले रोग कमी सापडले : दुसऱ्या गटात शंभरात ४७, तर यांच्यात ३७. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही. हे मी लपवीत नाही, कारण अर्धवट सांगितलेले औषध आपणच पुढे टाकून देतो.

मुंबईचे झाले म्हणून खेड्यात जमेलच असे नाही, असे आमचे भावजी म्हणाले. तर आपल्या जिल्ह्यातल्याच बार्शीला १९८७ पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. खेड्यांसाठी अशी नोंदवही देशात तीच पहिली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतली ३४६ गावे तीत आली. खेड्यात कागदपत्रे कोठली? म्हणून डॉ. नेने व त्यांची माणसे गावोगाव गेली, लोकांना एकत्र बसवून रोगाच्या खुणा सांगितल्या, आणि कोणाला तसे काही होते काय हे विचारून रुग्ण शोधले. नोंदवही भरता भरता लोक लवकर दवाखान्यात येऊ लागले, असेही आढळले.

मुंबईस जाऊबाईंना सुई लावायची ठरली त्या रात्री माझ्या सासूबाईंनी फोनवरून बजावले, "मोहोळाला काडी लावू नका, रोग अंगभर पसरेल." ही भीती आपल्या आळीत घरोघर आहे. मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारले. त्या रागावल्या नाहीत. सुईच्या वाटेवर क्वचित चार पेशी राहतात हे खरे, पण त्यामुळे बाई दगावली असे जगभरच्या नोंदींत आढळलेले नाही, असे त्या म्हणाल्या. मग बोट वर करून म्हणाल्या, "पसरतो तो वाट पाहिल्याने." सुई लावल्यावर पसरला असे लोकांना वाटते, त्याचे कारण मला तरी असे दिसते की, आपण सुईपर्यंत पोचतो तेव्हाच तो पसरलेला असतो आणि नाव सुईचे होते. सुई लागली, पाच मिनिटांत झाले, जाऊबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "एवढ्यासाठी मी रात्रभर झोपले नाही होय!" निकाल वाईट आला. रोग काखेत व पुढे हाडांत गेला होता. उपचार झाले, त्यांनी दीड वर्ष काढले. पहिल्या गाठीच्या वेळी कळते तर काय झाले असते हे मी सांगू शकत नाही. कारण ती कशाची होती हेच कोणाला ठाऊक नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने आता म्हटले आहे की, बाई गाठ घेऊन प्रथम दवाखान्यात गेल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान झाले पाहिजे. आपल्या सरकारनेही २०१६ साली ठरविले की, तिशी उलटलेल्या बायकांची छाती शिकलेल्या सिस्टरांनी दर पाच वर्षांनी हाताने तपासावी. ठरले खरे, पण आपल्या गल्लीतल्या किती जणींची अशी तपासणी झाली, हे मी दसऱ्याला हळदीकुंकवाच्या वेळी विचारले. बावीस जणींत दोघींची झाली होती. त्या दोघी मुलींच्या घरी शहरात गेल्या असताना झाली.

म्हणून अध्यक्षीणबाईंच्या परवानगीने येथेच कळविते. पुढील महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीन वाजता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टर मंडळाच्या हॉलमागील खोलीत बसणार आहेत. पडदा लावलेला असेल, पुरुष कोणी नसतील. तीस वर्षांवरच्या सभासद व शेजारणी यांनी आपली नावे माझ्याकडे द्यावीत. कोणाला गाठ लागलेलीच असेल तर शनिवारची वाट न पाहता आधी मला भेटावे. सोबत मी येईन. आणि ज्या कोणाची गाठ पूर्वी काढलेली आहे तिने घरी जाऊन आपले कागद पाहावेत, त्यात तपासणीचा रिपोर्ट आहे काय. नसेल तर तो कागद घेऊन यावे.